नुसत्या खर्जावर करिअर होतं का? व्हॅलेंटाईन डायलच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "१९६३ चा द हॉन्टिंग बघितला, त्यात सुरुवातीला फाटकावर जो केअरटेकर भेटतो त्याचा आवाज डोक्यातून जात नाहीये. शोधलं तर कळलं की हा व्हॅलेंटाईन डायल, बीबीसी रेडिओवर एके काळी ह्याच्या आवाजाला लोक घाबरायचे. मग एवढा आवाज असून हा माणूस कायम छोट्या रोलमध्येच का दिसतो? आणि माझाही आवाज खर्जातला आहे, सगळे म्हणतात व्हॉइसमध्ये जा, तर नुसत्या आवाजावर करिअर होतं का सर?"

प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण डायलचं नाव आजकाल कोणी घेत नाही. मी आयुष्यभर नभोनाट्यं केली, आधी आवाज म्हणून, नंतर बसवणारा म्हणून, आणि आता डबिंगला येणाऱ्या मुलांना शिकवतो, आणि त्या शिकवण्यात डायलचे तुकडे मी हमखास ऐकवतो. त्यामुळे उत्तर लांबणार, वेळ काढून वाचा.

आधी माणूस कोण ते. जन्म ७ मे १९०८, लंडन. वडील फ्रँकलिन डायल, स्वतः नावाजलेले नट, म्हणजे घरातच नाटक. तोही रंगभूमीवरूनच आला. उंच, हडकुळा, लांबट चेहरा, आणि आवाज असा की माणूस खोल विहिरीच्या तळातून बोलतोय. पण हे वर्णन करून आपण थांबतो आणि तिथेच फसतो, कारण असा आवाज त्या काळात त्याच्या एकट्याकडेच होता असं अजिबात नाही. त्याने त्या आवाजाचं काय केलं ते बघायला पाहिजे.

सप्टेंबर १९४३ मध्ये बीबीसीवर 'अपॉइंटमेंट विथ फिअर' ही मालिका सुरू झाली. अर्ध्या तासाच्या भयकथा आणि रहस्यकथा, बऱ्याचशा जॉन डिक्सन कार ह्याने लिहिलेल्या, हा मूळचा अमेरिकन पण इंग्लंडमध्ये राहिलेला, बंद खोलीतल्या खुनाच्या कथांचा बादशहा. निर्माता मार्टिन सी. वेब्स्टर. आणि गोष्ट सांगायला एक निवेदक, त्याला नाव नाही, नुसतं 'द मॅन इन ब्लॅक'. तो म्हणजे डायल. आता काळ लक्षात घ्या, महायुद्ध चालू आहे, १९३९ पासून रात्रीचा ब्लॅकआउट आहे, खिडक्यांना काळे पडदे, रस्त्यावर दिवा नाही, संध्याकाळी बाहेर जायची सोय नाही, सगळं घर रेडिओभोवती. अशा घरात रात्री हा आवाज यायचा. खऱ्या बाँबची भीती असलेल्या लोकांना हा माणूस भुताची भीती विकत होता आणि लोक ती आवडीने घेत होते. ह्याचं कारण मला असं वाटतं की ही भीती अर्ध्या तासात संपायची, आणि संपवायला तोच माणूस परत यायचा. गोष्ट उघडणारा आणि मिटवणारा आवाज एकच. निवेदकाचं हे काम आपल्याकडे फार कमी लेखलं जातं, श्रुतिकेत निवेदकाला दोन वाक्यं देतात आणि ती कोणीही वाचतो. डायलच्या बाबतीत उलटं झालं, नाटकातले नट दर वेळी बदलायचे आणि लोक निवेदकासाठी रेडिओ लावायचे.

आता जरा तांत्रिक बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या काळी बीबीसीचा नाटकाचा माईक म्हणजे रिबन माईक. मार्कोनी कंपनीबरोबर त्यांनी तो १९३४ मध्ये आणला आणि पुढे त्यात सुधारणा करत गेले. आत धातूची एक अतिशय पातळ पट्टी, चुंबकाच्या मध्ये टांगलेली, आवाजाने ती हलते. ह्या माईकला दोन जिवंत बाजू, पुढची आणि मागची, आणि दोन्ही कडा जवळजवळ बहिऱ्या. म्हणून दोन नट समोरासमोर, माईक मध्ये, असं उभं राहून सीन करता यायचा, आणि दूर जायचं असेल तर खरंच लांब चालत जायची गरज नाही, एक पाऊल कडेला सरकलं की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस खोलीच्या त्या टोकाला गेला. मी शिकलो तेव्हा आमच्या स्टुडिओत एक जुना रिबन माईक अजून होता, आणि आमच्या वरिष्ठांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही पावलांची. संवाद नंतर.

रिबन माईकचा दुसरा गुण, किंवा खोड म्हणा, अशी की तुम्ही जितके जवळ जाल तितका खालचा आवाज फुगतो. आज कंडेन्सर माईकच्या (आताच्या स्टुडिओतला नेहमीचा माईक) तोंडाला तोंड लावून जी मुलं "इस दुनिया में" करतात त्यांना हा परिणाम आपल्या गळ्याचा वाटतो, तो गळ्याचा नसतो, माईकचा असतो. जाड आवाजाचा माणूस रिबनच्या अगदी जवळ गेला की नुसती घुमघुम, शब्द गायब. शिवाय प, फ, भ ची हवा थेट पट्टीवर आदळते. म्हणजे डायलसारख्या आवाजाला सगळ्यात सोपा मोह जवळ जायचा आणि सगळ्यात मोठा धोकाही तोच. त्याच्या कामात तुम्हाला घुमघुम मिळणार नाही. प्रत्येक अक्षर सुटं, शेवटचं व्यंजन पूर्ण झालेलं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो पण विझत नाही.

आणि हे ऐकत होता कोण, तर घराघरातला व्हॉल्व्हचा सेट, मीडियम वेव्ह, छोटा स्पीकर. जाड पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि तेवढं खालचं ते सेट नीट वाजवूच शकत नव्हते. म्हणजे ज्या खर्जासाठी डायल प्रसिद्ध, तो खर्ज लोकांच्या घरात धड पोचतच नव्हता! पोचत होते ते त्याच्या वरचे स्वर, आणि माणसाचा कान त्या वरच्या स्वरांवरून खालचा सूर स्वतः बांधून घेतो, हे विज्ञान आहे, मी मनाने सांगत नाही. मग ऐकणाऱ्याला तो आवाज खोल का वाटला? कारण उच्चार स्वच्छ, वेग कमी, आणि थांबण्याच्या जागा नेमक्या. मोबाईलच्या स्पीकरवर आज तुमचं काम ऐकलं जातं तेव्हा अगदी हेच होतं, खालचं सगळं कापलं जातं आणि उरतात व्यंजनं. म्हणून खर्ज आहे हे ऐकून मी लगेच खूश होत नाही, मी मुलांना आधी त, ट, क, च ऐकवायला सांगतो.

त्यात हे सगळं थेट प्रक्षेपणाच्या जमान्यातलं. रीटेक नाही. स्टुडिओत क्यूचा दिवा लागला की बोलायचं, स्क्रिप्टची पानं सुटी करून हातात धरायची आणि वाचून झालेलं पान आवाज न करता खाली सोडायचं, इफेक्ट देणारा माणूस शेजारीच दार आणि साखळ्या घेऊन उभा. कागद वाजला तर देशभर ऐकू जाणार. ह्या शिस्तीत तयार झालेला नट सिनेमात गेला की त्याच्याकडे एक गोष्ट आपोआप असते, ती म्हणजे तो जागेवर स्थिर उभा राहू शकतो. डायलचे सिनेमे बघताना हे बघा, तो हलत नाही. डोकंसुद्धा क्वचित हलवतो.

सिनेमाकडे येतो. १९५० च्या आधीचा त्याचा काळ बघितला तर माणूस थक्क होतो, कारण छोटे रोल खरे, पण कुठल्या सिनेमांत! १९४३ च्या 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप'मध्ये तो जर्मन अधिकारी आहे, द्वंद्वाची बोलणी करणारा. १९४४ च्या नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये ड्यूक ऑफ बर्गंडी. १९४५ च्या 'आय नो व्हेअर आयम गोइंग'मध्ये मिस्टर रॉबिन्सन. त्याच वर्षी डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर'. त्या दशकातल्या ब्रिटिश सिनेमातले निवडक चांगले चित्रपट काढले तर त्यात हा माणूस पुन्हापुन्हा सापडतो.

ह्यातल्या दोन जागा जवळून बघण्यासारख्या आहेत.

बर्गंडीची जागा अशी. लढाई संपली आहे, दोन राजे समोरासमोर, आणि बर्गंडी शांततेसाठी भलंमोठं भाषण करतो की फ्रान्सची शेतं ओसाड पडली, द्राक्षवेली कोणी छाटत नाही, मुलं रानटी वाढतायत. शेक्सपिअरचं हे भाषण रंगमंचावर बऱ्याचदा कापतात कारण प्रेक्षक तोवर दमलेला असतो. ऑलिव्हिएने काय केलं, भाषण चालू असताना कॅमेरा महालातून बाहेर नेला, त्या ओसाड प्रदेशावरून फिरवला, आणि डायलचा नुसता आवाज चालू ठेवला. म्हणजे चेहरा गेला आणि आवाजच दृश्य सांभाळतो आहे, रेडिओचंच काम झालं ते. इथे तो अजिबात भीतीदायक नाही. थकलेला, शहाणा माणूस बोलतोय असं वाटतं. फक्त 'मॅन इन ब्लॅक' ऐकलेल्या लोकांनी हे जरूर ऐकावं.

दुसरी जागा 'ब्रीफ एन्काउंटर'मधली, आणि माझ्या मते हे त्याचं पडद्यावरचं सगळ्यात चांगलं काम, असेल काही मिनिटांचं. गोष्ट माहीत नसेल तर: ट्रेव्हर हॉवर्डचा डॉक्टर आणि सेलिया जॉन्सनची लॉरा, दोघंही विवाहित, स्टेशनवर ओळख होते, प्रेमात पडतात. डॉक्टरने मित्राचा फ्लॅट संध्याकाळपुरता वापरायला घेतलाय, लॉरा तिथे येते, आणि मित्र अचानक लवकर परत येतो. ती मागच्या जिन्याने पळते. मित्र म्हणजे डायल. त्याला खुर्चीवर तिचा स्कार्फ दिसतो. आता हा सीन कोणत्याही नटाला दिला तर तो एक तर चिडेल नाहीतर थट्टा करेल. डायल काय करतो, तो आवाज वर ठेवतो. त्याच्याकडे जो प्रसिद्ध खर्ज आहे तो तो इथे काढतच नाही. हलकं, सभ्य, थोडं सर्दी झालेलं बोलणं. डॉक्टर म्हणतो तू रागावलायस, तर हा म्हणतो रागावलो नाही, फक्त निराश झालो, आणि अगदी शांतपणे फ्लॅटची किल्ली परत मागतो. त्या सभ्यपणाने डॉक्टर जो मेल्याहून मेला होतो ना, ते ओरडून कधीच झालं नसतं. आणि पुढे लॉरा रस्त्यावरून पावसात पळते तेव्हा आपल्याला तिची लाज अंगावर येते ती ह्या माणसाच्या दोन मिनिटांच्या बोलण्यामुळे.

मी हा तुकडा वर्गात आधी नुसता ऐकवतो, पडदा बंद करून. मुलांना विचारतो माणूस कसा असेल. कोणीच "खलनायक" म्हणत नाही. मग 'अपॉइंटमेंट विथ फिअर'चं ऐकवतो आणि तोच माणूस आहे म्हटल्यावर पटत नाही.

मग हिरो का नाही झाला? माझं मत सांगतो. पहिलं म्हणजे आवाजाला नाव मिळालं आणि चेहऱ्याला मिळायच्या आधी मिळालं. १९४३ नंतर तो पडद्यावर तोंड उघडायचा तेव्हा प्रेक्षकाला 'मॅन इन ब्लॅक'च ऐकू यायचा. लीन किंवा ऑलिव्हिएसारखा दिग्दर्शक त्या अपेक्षेच्या उलट वापर करू शकला, बाकीच्यांनी ती अपेक्षाच पुरवली. दुसरं, त्या काळच्या ब्रिटिश सिनेमाला नायक हवा होता तो शेजारच्या घरातला सभ्य माणूस, जॉन मिल्स, ट्रेव्हर हॉवर्ड असे, ज्यांना बघून युद्धातून आलेला प्रेक्षक म्हणेल हा आपल्यातला. डायल कोणालाच आपल्यातला वाटला नसता. सहा फुटाच्या वर उंच, खोल डोळे, असा माणूस दारात उभा राहिला तरी गोष्ट सुरू होते, पण गोष्ट त्याची होत नाही.

तिसरं कारण धंद्याचं. युद्धानंतर हॅमर ही कंपनी (तेव्हा छोटी होती, ड्रॅक्युला वगैरे नंतरचं) रेडिओवर गाजलेल्या मालिकांचे स्वस्तात सिनेमे काढत सुटली. हिशोब सरळ होता, नाव लोकांना आधीच माहीत, जाहिरातीचा खर्च वाचला. स्टुडिओऐवजी लंडनबाहेरच्या जुन्या मोठ्या हवेल्या भाड्याने घ्यायच्या, तिथेच राहायचं, तिथेच शूटिंग करायचं. 'डिक बार्टन' असाच केला. डायललाही ओढलं, १९४९ मध्ये 'डॉक्टर मोरेल', मग 'द मॅन इन ब्लॅक' ज्यात तो तोच निवेदक, आणि १९५० मध्ये 'रूम टू लेट'. नाव वर, रोल मोठा, पण सिनेमे घाईचे. पहिले दोन मी आवर्जून बघा असं म्हणणार नाही. 'रूम टू लेट' मात्र बघा. मूळ मार्जरी ॲलिंगहॅमचं रेडिओ नाटक, एका घरात खोली भाड्याने घेणारा डॉक्टर फेल, आणि हळूहळू शंका येते की हाच जॅक द रिपर असेल का. इथे डायलला पूर्ण भूमिका मिळाली आणि त्याने ती पेलली, आवाजात एक आजारी गोडवा आणलाय, भाडेकरू म्हणून आलेला माणूस घरावर ताबा कसा घेत जातो ते फक्त बोलण्याच्या वेगातून कळतं, घरातल्यांचं बोलणं तोडत नाही, पण ते संपल्यावर लगेच उत्तरही देत नाही. तो मधला वेळ त्याचा. नट म्हणून तो काय करू शकला असता ते ह्यात दिसतं.

चौथं, आणि हे तुमच्या कामाचं: तो थांबला नाही, जे मिळेल ते करत राहिला. ह्याचा अर्थ कोणी दर्जा सोडला असा घेईल, मी तसा घेत नाही. १९६० च्या 'द सिटी ऑफ द डेड'मध्ये बघा, धुक्यातल्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात एक माणूस उभा दिसतो, लिफ्ट मागतो, गावापर्यंत बोलत येतो आणि शेजारच्या सीटवरून नाहीसा होतो. तो रोल आखूड, सिनेमा छोट्या बजेटचा, सगळं धुकं सेटवरचं. पण डायलने कुठेही "आता घाबरा" असं केलेलं नाही, तो फक्त एक सभ्य प्रवासी आहे. तीन वर्षांनी रॉबर्ट वाइजचा 'द हॉन्टिंग', तुम्ही बघितलाच आहे. तिथे तर त्याने सभ्यपणाही काढून टाकला, फाटक उघडायला नाखूश असलेला एक गावठी नोकर, बस. ज्युली हॅरिस गाडीत बसून विनवतेय आणि हा गजांच्या पलीकडे. पुढचा सगळा वाडा त्या फाटकावरच घाबरवून ठेवतो. एवढीच कामगिरी होती आणि तुम्ही साठेक वर्षांनी त्यावर प्रश्न विचारताय, तेव्हा रोल छोटा म्हणायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

आता विनोदाबद्दल, कारण इथे बहुतेक जण चकतात. १९५० च्या दशकात बीबीसी रेडिओवर 'द गून शो' हा विनोदी कार्यक्रम धुमाकूळ घालत होता. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन, आणि हा गृहस्थ १९१८ साली आपल्या अहमदनगरला जन्मला, आताचं अहिल्यानगर, वडील ब्रिटिश फौजेत, लहानपण पुण्यात गेलं. (नगरकरांनी हे ठासून सांगायला हरकत नाही.) तर मिलिगनने डायलला पाहुणा म्हणून बोलावलं, १९५४ च्या 'द कॅनॉल'मध्ये आणि १९५६ च्या 'द हाउस ऑफ टीथ'मध्ये. दुसऱ्यात तो लोकांच्या कवळ्या गोळा करणारा डॉक्टर, कशासाठी तर एका नाचणारीसाठी त्यांची करताळं करायला! आणि हे सगळं तो त्याच थडग्यातल्या आवाजात बोलतो. एक शब्दही गमतीने बोलत नाही. शेजारी पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम आरडाओरडा करतायत, समोर प्रेक्षक हसून लोळतायत, आणि हा माणूस खून करायला निघाल्यासारखा गंभीर. १९५९ मध्ये सेलर्स आजारी पडला तेव्हा एका भागात त्याची जागा भरायला जे तीन-चार जण आणले त्यातही डायल होता, म्हणजे तोवर तो त्या टोळीला घरचा झाला होता.

आपली पोरं विनोदी डबिंग करताना आवाजच विनोदी काढतात, नाकातून, चिरकून. डायल ऐका, मग कळेल हसू कुठून येतं.

ह्याच गंभीरपणावर त्याची पुढची पंचवीस वर्षं चालली. १९६७ च्या 'कॅसिनो रॉयल'मध्ये डॉक्टर नोआ ह्या न दिसणाऱ्या खलनायकाचा आवाज त्याचा आहे, श्रेयनामावलीत नाव नाही, आणि शेवटी खलनायक म्हणून समोर येतो तो किरकोळ वुडी ॲलन. सगळा विनोद डायलच्या आवाजाने आधी जी भीती जमवली तिच्यावर उभा. १९८० मध्ये डग्लस ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड' ह्या विनोदी विज्ञानकथेच्या रेडिओ मालिकेत त्याला गारग्राव्हार मिळाला, हे एक पात्र ज्याचं मन आणि शरीर वेगळे झालेत आणि उरलाय फक्त आवाज. ह्या माणसासाठी ह्याहून नेमकी भूमिका कोणी लिहू शकलं नसतं. पुढच्या वर्षी त्याच्याच टीव्ही रूपात 'डीप थॉट' हा महाकाय कॉम्प्युटर, विश्वाचं उत्तर ४२ आहे असं सांगणारा, तो आवाजही डायलचा. आणि मग 'डॉक्टर हू' ह्या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतला खलनायक ब्लॅक गार्डियन, १९७९ मध्ये एकदा, १९८३ मध्ये सलग तीन कथांमध्ये. तिथे त्याच्या डोक्यावर चक्क एक पक्षी बसवलेला आहे, असला पोशाख घालून दुसरा कोणीही हास्यास्पद झाला असता. त्या मालिकेत तो एका शाळकरी मुलाला भुलवतो, धमकावतो, आणि बऱ्याच वेळा त्याचं नुसतं बोलणंच येतं. त्या पिढीच्या मुलांना १९४३ चा 'मॅन इन ब्लॅक' माहीतही नव्हता, त्यांना हा ब्लॅक गार्डियन म्हणूनच आठवतो. २४ जून १९८५ ला तो गेला. त्याने काम केलेलं 'स्लिपबॅक' हे 'डॉक्टर हू'चं रेडिओ नाटक त्यानंतर महिन्याभराने प्रसारित झालं.

तर "कायम छोट्या रोलमध्ये" हे खरं, पण हिशोब पूर्ण मांडला तर १९३० च्या दशकापासून १९८५ पर्यंत काम, आणि त्यातली चाळीस वर्षं तरी लोकांना आवाजावरून ओळख. आघाडीचे किती नायक एवढे टिकले? माझं ठाम मत आहे की ते करिअर अपयशी नव्हतं. एकच सल मला आहे ती अशी की 'अपॉइंटमेंट विथ फिअर'ची रेकॉर्डिंग फारच थोडी उरली आहेत. प्रक्षेपण थेट, जपून ठेवायची पद्धत नाही, ज्या कामाने तो घराघरात पोचला तेच बहुतांश हवेत गेलं. आपल्याकडच्या जुन्या श्रुतिकांचंही काही वेगळं झालेलं नाही, कोणाकडे घरी स्पूल किंवा कॅसेट असतील तर कृपा करून डिजिटल करून घ्या, बुरशी लागायच्या आत.

डायलचा रस्ता हा एकमेव नव्हता हेही सांगायला हवं. बीबीसीने युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये पगारी नटांची स्वतःची रेपर्टरी कंपनी उभी केली होती. तिथले कार्लटन हॉब्ज, नॉर्मन शेली ही मंडळी बघा, आज शेतकरी उद्या राजा परवा कुत्रा, जे येईल ते. हॉब्ज शेरलॉक होम्स आणि शेली वॉटसन, ही जोडी १९५२ पासून १९६९ पर्यंत रेडिओवर चालली. त्यांचे आवाज डायलसारखे एका शब्दात ओळखू येणारे नव्हते, आणि तेच त्यांचं बळ होतं, एकाच आठवड्यात तीन नाटकांत असले तरी ऐकणाऱ्याला कळायचं नाही. हॉब्जच्या नावाने नाट्यविद्यार्थ्यांना रेडिओ नाटक कंपनीत काम देणारी शिष्यवृत्ती अजून आहे. आपल्या आकाशवाणीची घडी मूळची बीबीसीच्याच माणसाने बसवलेली, लायनेल फील्डन १९३५ मध्ये तिथून इथे आला आणि पुढच्या वर्षी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं, त्यामुळे नाटकाच्या बाबतीतला ह्या दुसऱ्या प्रकारच्या नटाचा मान आपल्याकडेही रुजला. आमच्यातले सगळ्यात चांगले आवाज असेच होते, बाहेर बसस्टॉपवर भेटले तर ओळखू न येणारे.

आता तुमचं. खर्ज आहे, चांगलं आहे, जाहिरात आणि ट्रेलरचं काम त्यावर मिळेलही, सुरुवातीला पटकन मिळेल. पण त्या कामाला बोलावणारे तुम्हाला दर वेळी तेच करायला सांगतील, आणि दोन-तीन वर्षांत तुमच्यापेक्षा स्वस्त खर्ज मिळाला की फोन बंद होतील, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून ज्या दिवशी पहिलं खर्जाचं काम मिळेल त्या दिवसापासून दुसरं काहीतरी शिकायला घ्या. रोज एखादं पान तुमच्या नेहमीच्या पट्टीच्या वर, हलक्या आवाजात वाचा, जसं घरी आजारी माणसाशी बोलतो तसं. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर नको, मोबाईलच्याच स्पीकरवर, स्वयंपाकघरात नळ चालू असताना ऐका, जे अक्षर हरवेल त्यावर काम करा. माईकपासून एक वीत लांब उभं राहून तेच वाचा, आवाज न वाढवता पोचतो का बघा. आणि दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर थांबायला शिका, एकट्याने नाही जमत हे, कोणीतरी समोर पाहिजे, म्हणून एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये जा, रोल कुठलाही घ्या. आकाशवाणीची नाटकाची ऑडिशन निघाली की द्या, मानधन बघू नका, तिथे समोरचा नट मिळतो.

ऐकायचा क्रम मी असा सांगेन की आधी 'ब्रीफ एन्काउंटर'मधला फ्लॅटचा सीन, मग 'हाउस ऑफ टीथ', मग 'रूम टू लेट', आणि 'अपॉइंटमेंट विथ फिअर'चं जे काही मिळेल ते सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने ऐकलंत तर कानात नुसता खर्जच बसेल आणि तुम्ही त्याची नक्कल करायला लागाल. ऐकून झालं की फ्लॅटच्या सीनमधली डायलची वाक्यं मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहा, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि पाठवा, मी ऐकून सांगतो कुठे घाई झालीय ते.